फॉरमॅट मारताना डी ड्राइव्ह कसा वाचवायचा?

प्रश्न : कऱ्हाडला माझं डीटीपीचं छोटं काम आहे. लग्नपत्रिका, हँडबिलं, शाळांचे अहवाल. गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हमधून शॉर्टकट व्हायरस (खरे फोल्डर लपवून त्यांच्या जागी नुसते शॉर्टकट दाखवणारा) आला आणि आता संगणक चालू व्हायलाच दहा मिनिटं लागतात. फॉरमॅट मारायला लागणार. हार्ड डिस्क एकच, तिच्यावर सी, डी, ई असे तीन भाग. अकरा वर्षांच्या पत्रिका डीवर आहेत. दुरुस्तीवाला म्हणतो, ‘सगळं उडालं तर जबाबदारी माझी नाही.’ खरंच उडतं का?
– एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : ताई, आपोआप काही उडत नाही. विंडोज सीवर असतं. तेवढाच भाग पुसून तिथं नवं विंडोज बसवता येतं, डी आणि ई जागच्या जागी राहतात. घात होतो तो एकाच पडद्यावर, आणि तो माझ्या हातून झालेला आहे.

२०११ मध्ये सांगलीत एका निवृत्त शिक्षिकाबाईंच्या घरी मी विंडोज ७ टाकत होतो. इन्स्टॉल करताना पार्टिशनांची, म्हणजे डिस्कच्या भागांची, यादी येते, तिथं सी, डी ही अक्षरं नसतात. नुसतं डिस्क ०, पार्टिशन १, २, ३ असं दिसतं. त्यांचे दोन्ही भाग २३२ जीबीचे. मी घाईत चुकीच्या ओळीवर फॉरमॅट दाबलं. त्यांच्या यजमानांचे फोटो त्यावर होते. रिकव्हरी सॉफ्टवेअरनं निम्मेअर्धे परत मिळाले, तेही नावं आणि फोल्डर गेलेले. बाई एक शब्द बोलल्या नाहीत. मला ते अजून आठवतं.

म्हणून आधी हे करा. ‘धिस पीसी’मध्ये डीवर राइट क्लिक करून त्याला इंग्रजी अक्षरांत ठळक नाव द्या, ईलाही द्या. ही नावं इन्स्टॉलच्या यादीतही दिसतात. मग तिन्ही भागांची एकूण जागा आणि मोकळी जागा कागदावर लिहा. दोन भाग सारख्या मापाचे असू शकतात, पण मोकळी जागाही तंतोतंत सारखी असणं जवळजवळ अशक्य. दुरुस्तीवाल्याच्या शेजारी तो कागद घेऊन बसा आणि यादी आली की आकडे ताडून पाहा. यादीत काहीशे एमबीचे एकदोन छोटे भागही दिसतील, ते विंडोजचेच असतात. इन्स्टॉलचा ‘कस्टम’ प्रकार निवडायचा, सीच्या ओळीवर फक्त ‘फॉरमॅट’ करायचं आणि तीच ओळ निवडून पुढं जायचं. ‘डिलीट’ला हात लावायचा नाही.

तुमच्या धंद्यात खरा धोका मला डीपेक्षा सीचा वाटतो. डेस्कटॉपवर ठेवलेली प्रत्येक फाइल सीवर असते. डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्सही तिथंच. ‘चालू काम’ म्हणून डेस्कटॉपवर किती पत्रिका पडल्यात ते पाहा आणि आजच डीवर हलवा. त्याहून महत्त्वाचे तुमचे मराठी फॉन्ट. ते विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये, म्हणजे सीवरच असतात. ते गेले तर डीवरची पत्रिका शाबूत असूनही उघडल्यावर ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल, कारण जुने मराठी फॉन्ट युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखी चालणारी अक्षरपद्धत) नसतात, त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरं बसवलेली असतात. सगळे फॉन्ट कॉपी करून घ्या. फॉन्टच्या पॅकेजचा डोंगल (संगणकाला लावायची त्याची किल्ली) आणि सीडी हाताशी ठेवा. पेजमेकर किंवा कोरलसारखं पत्रिका मांडायचं सॉफ्टवेअर डीवर टाकलेलं असलं तरी नव्या विंडोजवर ते पुन्हा इन्स्टॉल करावंच लागतं. फाइली मात्र तशाच उघडतात.

इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह निदान ८ जीबीचा हवा, आणि तो दुसऱ्या, व्हायरस नसलेल्या संगणकावर तयार करून घ्या. तयार होताना तो पूर्ण पुसला जातो. डीवर बिटलॉकरचं, म्हणजे विंडोजचंच, कुलूप असेल, तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी लिहून घ्या, नाहीतर नव्या विंडोजवर डी उघडणार नाही.

आणि ताई, डी हा काही वेगळा डबा नव्हे. सी, डी, ई एकाच हार्ड डिस्कचे वाटे आहेत. डिस्क बसली की तिन्ही जातात. अकरा वर्षांचं काम एकाच डिस्कवर ठेवू नका. फॉरमॅटच्या आदल्या दिवशी बाहेरच्या हार्ड डिस्कवर डीची पूर्ण प्रत काढा. फक्त मूळ फाइली घ्या, शॉर्टकट नकोत. ती प्रत नसेल तर दुरुस्तीवाल्याला दुसऱ्या दिवशी बोलवा.

नवं विंडोज आल्यावर डीवर लगेच डबल क्लिक करू नका, व्हायरस तिथंही बसलेला असतो. राइट क्लिक करून डिफेंडरनं (विंडोजमधल्या अँटिव्हायरसनं) डी आणि ई दोन्ही स्कॅन करा. फोल्डर दिसले नाहीत तर घाबरू नका. शॉर्टकट व्हायरस मूळ फोल्डर लपवतो, पुसत नाही. डीची भरलेली जागा कागदावरच्या आकड्याशी जुळत असेल, तर पत्रिका तिथंच आहेत. लपवलेल्या फाइली दाखवण्याची सोय चालू करा. एखादा जुना फोल्डर ‘परवानगी नाही’ म्हणाला तर ‘कंटिन्यू’ दाबा. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह मात्र हे सगळं होईपर्यंत लावू नका.