लाल पट्टी अल्ब्युमिनची

प्रश्न : बाबांना (वय ६६) जठराचा कर्करोग आहे. बांबोळीला शस्त्रक्रिया ठरली आहे. बेंगळुरूच्या भाच्याने त्यांचे रिपोर्ट संगणकाच्या एका मॉडेलमध्ये भरले. शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंतीची शक्यता ३१ टक्के आली, सोबत लाल-निळ्या पट्ट्या. सर्वांत लांब लाल पट्टी अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाची (२.८, म्हणजे कमी). अल्ब्युमिनची बाटली चढवली तर धोका कमी होईल का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : बाटलीचा हट्ट धरू नका.

त्या पट्ट्या 'शॅप' पद्धतीच्या दिसतात. मूळ गणित गणितज्ञ लॉइड शॅप्ली यांचं, १९५३ सालचं : अनेकांनी मिळून केलेल्या कमाईत कुणाचा वाटा किती? इथे मॉडेल सरासरी रुग्णाच्या धोक्यापासून निघतं आणि वय, रक्ताचे आकडे, गाठीची अवस्था यांपैकी कुणी धोका किती चढवला (लाल पट्टी), कुणी किती उतरवला (निळी), ते दाखवतं. सर्जन म्हणून मला हे फार आवडतं. नुसता आकडा पुढे आला तर त्याच्याशी वाद घालता येत नाही, इथे घालता येतो.

पण पट्टी सांगते ते मॉडेलचं कारण, बाबांच्या शरीरातलं नव्हे. अल्ब्युमिन उपासमारीने उतरतं तसं गाठीमुळे अंगात चाललेल्या दाहानेही उतरतं. अल्ब्युमिन कमी असलेल्यांना त्रास जास्त झाला, एवढंच मॉडेलने पाहिलं. बाटली चढवाल तर रिपोर्ट सुधारेल, पट्टीही आखडेल, बाबा मात्र होते तिथेच राहतील.

खरं काम पोषणाचं. सहा महिन्यांत वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरलं असेल, तर आधी ७ ते १४ दिवस पोषण देऊन मग शस्त्रक्रिया करण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. आपल्याकडे माणूस आजारी पडला की पेज आणि लोणचं सुरू होतं. कृपा करून बाबांना नुसत्या पेजेवर ठेवू नका, तीत प्रथिनं नावालाच असतात. अंडं, उकडलेला मासा, दही, मुगाचं कढण, जे उतरेल ते थोडं थोडं, दिवसातून सहा-सात वेळा द्या. खाल्लेलं उलटून पडत असेल तर लगेच कळवा, नळीने अन्न देता येतं. विडी ओढत असतील तर ती आजच बंद.

भाच्याला दोन गोष्टी विचारा. मॉडेल कुठल्या रुग्णांवर शिकलं? जपान-कोरियात तपासणी मोहिमांमुळे हा कर्करोग बऱ्याचदा लवकर सापडतो, आपल्याकडे बहुतेक जण उशिरा येतात. तिथे शिकलेलं मॉडेल इथल्या रुग्णांवर पडताळलेलं नसेल, तर ३१ या आकड्यावर फार विसंबू नका. दुसरं, कर्करोग पोचलेल्या लसिका ग्रंथी (लिम्फ नोड) किती, हे त्याने विचारलं होतं का? ती नेमकी संख्या शस्त्रक्रियेनंतर पॅथॉलॉजीच्या रिपोर्टातच कळते. तिथे भाच्याने अंदाजाने काही भरलं असेल, तर तो ३१ बाजूला ठेवा आणि वजनाची नोंद घेऊन सर्जनना भेटा.