बाळाला शिकवणारे व्हिडिओ कोणते लावावेत आणि चित्रकार्डे कितव्या महिन्यापासून दाखवावीत?

तुमचे बाळ सात महिन्यांचे आहे, त्याच्या बुद्धीला चालना मिळावी अशी तुमची इच्छा आहे आणि त्यासाठी कोणते व्हिडिओ लावावेत व चित्रकार्डे कधी सुरू करावीत, असे तुम्ही विचारले आहे. व्हिडिओ लावू नयेत. कार्डे आणली काय आणि न आणली काय, सात महिन्यांचे बाळ ती आधी तोंडात घालणार, आणि त्या वयात त्यांचा खरा उपयोग तेवढाच आहे. उत्तर इथेच संपवता आले असते. परंतु याच प्रश्नावरून माझे आणि माझ्या साडूंचे जे वाजले ते अजून पुरते मिटलेले नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या दोघांच्या घरी थोड्याच अंतराने मुले झाली. त्यांचा मुलगा थोरला, माझी मुलगी काही आठवड्यांनी धाकटी. मुलगा बसू लागताच साडूंनी चित्रकार्डांचे संच, बटण दाबताच बोलणारी खेळणी आणि बुद्धी वाढवण्याची हमी देणारे व्हिडिओ अशी जय्यत तयारी केली. मी त्या काळात मुलीला सांभाळण्यासाठी कामावरून रजा घेतली होती, आणि घरातली कामे उरकता उरकता तिच्याशी बोलत राहणे एवढाच माझा अभ्यासक्रम होता. साडूंनी त्याला ‘बडबड’ असे नाव दिले होते.

त्या बडबडीचा एक नमुना सांगतो. धुऊन वाळलेल्या कपड्यांचा ढीग पलंगावर टाकायचा, मुलीला उशीचा टेकू देऊन समोर बसवायचे आणि घड्या घालायला घ्यायच्या. एक पायमोजा तिच्यासमोर धरून ‘हा कोणाचा गं?’ असे विचारायचे आणि मग गप्प राहायचे. हे गप्प राहणे बहुतेकांना जमत नाही, कारण मोठ्या माणसाला क्षणभराची शांतताही अवघड वाटते. बाळाला मात्र कानावर पडलेले पचवून स्वतःचा आवाज काढायला बराच वेळ लागतो. ती मोज्याकडे पाही, मग माझ्या तोंडाकडे, मग पाय झाडून एखादा लांबलचक हुंकार देई. ‘बाबाचा? अगदी बरोबर. आणि याचा जोडीदार कुठे गेला?’ असे म्हणून मी ढिगात शोधू लागलो की तीही वाकून हात घाली. सुरुवातीला मोजा टॉवेलखाली सरकवला की तो जणू जगातूनच नाहीसा होई आणि ती दुसरीकडे पाहू लागे. आठव्या महिन्याच्या आसपास मात्र ती टॉवेल ओढून तो बाहेर काढू लागली. पुढे ‘दे’ आणि ‘घे’ यांचा खेळ सुरू झाला. वर्षाची होता होता एकदा तिने दोरीवर राहून गेलेल्या एकट्या मोज्याकडे बोट केले, ‘ता!’ म्हटले आणि मान वळवून माझ्याकडे पाहिले. मोजा तिला नको होता. मी तो पाहिला की नाही, एवढेच तिला हवे होते. दुसऱ्याचे लक्ष आपण एखाद्या गोष्टीकडे वळवू शकतो, हे कळणे मला दहा शब्द पाठ येण्यापेक्षा मोठे वाटते.

याच सुमारास एका घरगुती कार्यक्रमात सगळे जमले असताना साडूंनी मुलाला मध्ये बसवले. ‘हत्ती कुठे?’ म्हटले की तो हत्तीच्या कार्डावर थाप मारी, ‘बस कुठे?’ म्हटले की बसच्या. कौतुक झाले, व्हायलाच हवे होते. मग त्यांनी छत्रीचे कार्ड माझ्या मुलीसमोर धरले. तिने ते घेतले, उलटून मागची कोरी बाजू पाहिली, पुन्हा पुढची पाहिली आणि साडूंच्या चेहऱ्याकडे बघत ते त्यांच्यापुढे केले. तिचा हात तसाच पुढे राहिला. ‘हिला अजून काहीच ओळखता येत नाही,’ असे म्हणून साडूंनी दुसरे कार्ड काढले. माझे म्हणणे असे, की त्या खोलीत खरा संवाद तेवढ्या वेळात एकच झाला होता आणि तो साडूंनी अर्धवट सोडला.

त्यानंतरचा वाद व्हायचा तसा झाला आणि ईर्षेने मी वाचायला घेतले. अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांच्या बाळांना मँडरीन, म्हणजे त्यांच्या घरी न बोलली जाणारी चिनी भाषा ऐकवली होती, तो अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. काही बाळांसमोर माणूस बसून खेळत, बोलत होता. काहींना त्याच माणसांचे तेच बोलणे पडद्यावर दाखवले गेले. पहिल्या गटातील बाळे त्या भाषेतील ध्वनींमधला फरक ओळखू लागली, पडद्यासमोरच्या बाळांच्या पदरी काहीही पडले नाही. ज्युडी डीलोच यांच्या २०१० सालच्या अभ्यासात एक ते दीड वर्षाच्या मुलांना महिनाभर शब्द शिकवणारा व्हिडिओ दाखवला, तर ती मुले तो न पाहिलेल्या मुलांपेक्षा फारशी पुढे गेली नाहीत. सर्वाधिक शब्द शिकली ती आईवडिलांनी व्हिडिओविना रोजच्या व्यवहारात शिकवलेली मुले. त्याच अभ्यासातला हा भाग मी साडूंना मोठ्याने वाचून दाखवला, की ज्या पालकांना व्हिडिओ आवडला होता, त्यांना आपले मूल त्यातून पुष्कळ शिकले असे वाटत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनाही एक वर्षाखालील बाळांना पडदा अजिबात नको असेच सांगतात.

यावर साडूंनी डाव बदलला. हार्ट आणि रिस्ली यांच्या १९९५ सालच्या अभ्यासातला, शाळेत जाण्यापूर्वीच काही मुलांच्या कानावर तीन कोटी शब्द कमी पडतात, हा आकडा त्यांनी कुठूनसा मिळवला आणि घरात दिवसभर ध्वनिमुद्रित गोष्टी लावून ठेवल्या. तो अभ्यास अवघ्या ४२ कुटुंबांचा होता आणि त्यावर भरपूर टीका झाली आहे, हे बाजूला ठेवू. शब्दांच्या संख्येनेच मूल घडत असते, तर रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांची मुले सर्वांत हुशार निघाली असती. ध्वनिमुद्रण बाळाच्या हुंकारासाठी थांबत नाही, आणि शिकणे होते ते त्या थांबण्यात.

तेव्हा आंघोळ घालताना, कपडे बदलताना जे चालले आहे तेच बोला: ‘आता हा हात, आता दुसरा, डोके अडकले, बुवाऽ कुक!’ त्याने ‘बा’ म्हटले तर तुम्हीही ‘बा’ म्हणा आणि वाट पाहा. खेळण्यांच्या जागी डबा, त्याचे झाकण आणि लाकडी चमचा पुरतो. ज्या वस्तूकडे त्याची नजर आहे तिचे नाव घ्या. तुम्हाला जे शिकवायचे आहे त्याकडे त्याची मान वळवू नका. घरात दोन भाषा असतील तर दोन्ही खुशाल बोला, त्याने बोलणे लांबत नाही.

दोन गोष्टी राहिल्या. तोंडात सबंध मावेल अशी कोणतीही वस्तू हाती देऊ नये, चाप असलेले चिमटे तर नकोतच. आणि तुमचे बाळ मोठ्या आवाजाकडे वळत नसेल, नऊ-दहा महिन्यांपर्यंत ‘बाबा’, ‘दादा’ अशी अक्षरांची माळ लावत नसेल किंवा वर्ष उलटूनही बोट दाखवत नसेल, तर बडबडीवर विसंबून न राहता बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन कान तपासून घ्यावेत. बाळ मुदतीपूर्वी जन्मलेले असेल तर वय अपेक्षित तारखेपासून मोजावे. दिवसभर अखंड बोलायचीही गरज नाही. ते मान फिरवू लागले की त्याला पुरे झाले आहे असे समजावे.

साडूंचा मुलगा आज चांगला बोलका आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, आणि साडू ते श्रेय कार्डांना देतात. ती पहिली दोन वर्षे आमच्या सासूबाई त्यांच्याकडे राहायला होत्या आणि व्हिडिओ चालू असतानाही त्या नातवाशी एकसारख्या बोलत असत, हे मी त्यांना अनेकदा निदर्शनास आणून दिले आहे. त्यांचे म्हणणे असे, की सासूबाईंच्या आवाजात मुलाला व्हिडिओ नीट ऐकू येत नसे.