हजेरीपट वाचणारा अर्थशास्त्रज्ञ

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

एम.ए. झाल्यावर पीएच.डी. करावी की एखाद्या जनसंघटनेबरोबर काम सुरू करावे, असा तुझा प्रश्न आहे आणि त्याच्या जोडीला तू अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ यांचे उदाहरण दिले आहेस. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकवत असताना रिकाम्या घरांत आसरा घेतलेल्या बेघरांबरोबर राहणारा प्राध्यापक, पुढे दिल्लीच्या वस्तीतल्या एका खोलीत संसार मांडणारा आणि आता रांचीत स्थायिक झालेला माणूस, या चित्राने तू भारावली आहेस, हे पत्रातून दिसते. चित्र खरे आहे. पण ते सांगायला सोपे असल्यामुळेच त्यांच्यावरील बहुतेक लेख तिथेच सुरू होतात आणि तिथेच संपतात. साध्या राहणीचे अनुकरण केलेस तर फार तर तुझा खर्च कमी होईल. त्यांच्या कामातून घेण्यासारखे आहे ते निराळे आहे आणि माझ्या मते अधिक कठीण आहे.

द्रेझ यांचा जन्म १९५९ सालचा, बेल्जियममधला. वडील जाक द्रेझ हे गणिती अर्थशास्त्रातले मोठे नाव. मुलगाही एसेक्स विद्यापीठात गणिती अर्थशास्त्रच शिकला, १९७९ मध्ये भारतात आला आणि दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत त्याने पीएच.डी. केली. प्रबंधाचा विषय होता खर्च-लाभ विश्लेषणाचा, म्हणजे एखाद्या प्रकल्पाचा खर्च आणि समाजाला होणारा लाभ तोलण्याचा, सिद्धांत. १९८७ साली त्यांनी ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ निकोलस स्टर्न यांच्यासोबत याच विषयावर एका संदर्भग्रंथासाठी दीर्घ प्रकरण लिहिले. ते ग्रंथालयातून काढून वाच, तुझ्या गणिताची परीक्षा होईल. त्याच्या काही वर्षे आधी, १९८३-८४ मध्ये, हाच माणूस उत्तर प्रदेशातील मुरादाबाद जिल्ह्यात पालनपूर नावाच्या गावात मुक्काम ठोकून घरोघरची जमीन, जनावरे, कर्ज आणि मजुरी यांची नोंद करत होता. त्या गावाची पहिली पाहणी १९५७-५८ साली झाली होती आणि पुढेही ती वेळोवेळी होत राहिली. सिद्धांताचा कंटाळा आला म्हणून कोणी खेड्यात गेले, अशी ही कथा नाही. दोन्ही कामे एकाच काळात, एकाच बुद्धीने चालू होती. म्हणून पीएच.डी. सोडण्याचा विचार तू तूर्त बाजूला ठेवावास, असे मी सुचवीन. सरकारी अधिकारी तुझ्या कळकळीला नमस्कार करून तुला चहा देईल. पण नमुना कसा निवडला आणि प्रमाण कशावरून काढले, हे त्याने विचारल्यावर तुला नीट उत्तर देता आले, तरच तो तुझा कागद ठेवून घेईल.

आपल्या महाराष्ट्राशी त्यांच्या कामाचा जो संबंध आहे, तो इथल्या विद्यार्थ्यांना अनेकदा ठाऊक नसतो. १९७० ते १९७३ या काळातील आपला दुष्काळ हा त्यांच्या सुरुवातीच्या अभ्यासाचा एक प्रमुख विषय होता. तुझ्या आजीच्या पिढीला विचार, तिला खडी फोडणे, पाझर तलावाची माती वाहणे, कामावर मिळणारी सुकडी आणि रेशनवरचा लाल मिलो आठवेल. द्रेझ यांनी प्रश्न असा विचारला की, पिके इतकी बुडाली असताना मोठ्या संख्येने भूकबळी का पडले नाहीत, विशेषतः त्याच सुमारास आफ्रिकेतील साहेल प्रदेशात दुष्काळाने माणसे मरत असताना? त्यांचे उत्तर धान्याच्या एकूण साठ्यावर थांबले नाही. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख मजूर होते. त्यांच्या हातात मजुरी आल्यामुळे त्यांना धान्य विकत घेता आले, बाजारात मागणी राहिली आणि जे थोडे धान्य उपलब्ध होते ते अधिक समप्रमाणात वाटले गेले. कामे पुरेशी निघावीत म्हणून मोर्चे निघाले, तहसील कचेऱ्यांना घेराव पडले, विधानसभेत प्रश्न विचारले गेले. हा लोकांचा रेटा त्यांनी विश्लेषणाच्या बाहेर, तळटीपेत ढकलला नाही, तर दुष्काळनिवारणाच्या कारणांपैकी एक कारण म्हणून मांडला. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात मोर्चाला जागा नसते. इथे ती पुराव्याने मिळवून दिलेली आहे.

या दुष्काळातच वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना राज्यभर पोहोचली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. शहरातल्या नोकरदारांकडून व्यवसाय कर घ्यायचा आणि त्यातून खेड्यातल्या मजुराला काम द्यायचे, ही तिच्यामागची आर्थिक रचना मला आजही विलक्षण वाटते. पुढे २००४-०५ मध्ये देशासाठी असा कायदा करावा म्हणून जो मसुदा तयार झाला, त्यात द्रेझ आणि त्यांचे सहकारी आघाडीवर होते. २००५ च्या उन्हाळ्यात गरीब जिल्ह्यांतून रोजगार अधिकार यात्रा निघाली, ऑगस्टमध्ये संसदेने कायदा मंजूर केला आणि २ फेब्रुवारी २००६ पासून तो २०० जिल्ह्यांत लागू झाला. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता, हे तत्त्व दोन्ही कायद्यांत होते. मात्र महाराष्ट्राच्या कायद्याने प्रत्येक प्रौढ व्यक्तीला दिवसांची मर्यादा न घालता हमी दिली होती, तर केंद्राच्या कायद्याने ती कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांपुरती ठेवली. आपल्याकडचा जुना कायदा कागदावर अधिक उदार होता, हे आपण फारसे सांगत नाही. कदाचित ‘रोजगार हमी, अर्धे तुम्ही अर्धे आम्ही’ ही म्हणही आपल्याच राज्यात जन्मली, म्हणून असेल.

या म्हणीतच तुझ्या प्रश्नाचे मर्म आहे. ज्या योजनेत पैसा मुरतो, तिच्या बाजूने उभे राहणाऱ्या अर्थशास्त्रज्ञाने त्या मुरण्याबद्दल काय करावे? गप्प बसावे, तर विरोधक तो आकडा काढतातच. उघड करावे, तर योजना बंद करू इच्छिणाऱ्यांच्या हाती कोलीत दिल्यासारखे होते. द्रेझ यांनी उघड करण्याचा मार्ग निवडला आणि तो पद्धतशीरपणे चालवला. कायदा लागू झाल्यावर उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यार्थ्यांची पथके घेऊन ते गावोगाव गेले. पथकांचे काम असे की सरकारी मस्टर, म्हणजे हजेरीपट, हातात घ्यायचा, त्यातले एकेक नाव घेऊन त्या मजुराच्या घरी जायचे, त्याने खरोखर किती दिवस काम केले आणि किती मजुरी हातात पडली हे विचारायचे, जॉब कार्डावरची नोंद पडताळायची आणि मग गावासमोर ते वाचून दाखवायचे. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनवाईची, म्हणजे गावासमोर हिशेब वाचून पडताळण्याची, जी रीत १९९० च्या दशकात घडवली होती, तिचाच हा पुढचा टप्पा. हजेरीपट वाचणे हे काम हिशेबनिसाचे वाटते, पण त्यात मेलेली माणसे, परगावी गेलेली माणसे आणि एकाच अंगठ्याच्या ओळीच्या ओळी सापडतात.

हे काम निरुपद्रवी नाही. मे २००८ मध्ये झारखंडच्या पलामू जिल्ह्यात अशाच पाहणीसाठी पथक आलेले असताना त्यांना साहाय्य करणारे स्थानिक कार्यकर्ते ललित मेहता यांची हत्या झाली. पाहणी पुढे चालू राहिली. मार्च २०१९ मध्ये त्याच राज्यात परवानगीविना सभा घेतल्याच्या कारणावरून पोलिसांनी द्रेझ यांनाही काही तास ताब्यात ठेवले आणि सोडून दिले. या दोन घटना मी मुद्दाम शेजारी ठेवतो. बाहेरून आलेल्या नामवंत अभ्यासकाला व्यवस्था ज्या अदबीने हाताळते, ती अदब गावातल्या कार्यकर्त्याच्या वाट्याला येत नाही. तू पाहणी संपवून पुण्याला परतशील. ज्याने तुला घरे दाखवली, तो तिथेच राहणार आहे. कोणाचे नाव छापायचे, कोणाला सोबत न्यायचे, हे ठरवताना ही गोष्ट तुझ्या प्रश्नावलीच्याही आधी यावी.

रेशनच्या बाबतीत त्यांची पद्धत आणखी स्पष्ट दिसते. २००१ साली सरकारी गोदामांत सुमारे ६ कोटी टन धान्य साठले होते आणि अनेक राज्यांत दुष्काळ होता. तेव्हा पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेने सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेतून अन्न अधिकाराची चळवळ उभी राहिली आणि २८ नोव्हेंबर २००१ च्या अंतरिम आदेशाने प्राथमिक शाळांत शिजवलेले जेवण देणे राज्यांवर बंधनकारक झाले. द्रेझ या चळवळीच्या आधारस्तंभांपैकी एक. तरीही रेशनमधील गळतीचे कठोर अंदाज मांडणाऱ्यांत ते आणि अर्थशास्त्रज्ञ रीतिका खेरा हेच पुढे होते. गोदामातून उचललेले धान्य एका बाजूला आणि राष्ट्रीय नमुना पाहणीत कुटुंबांनी रेशनवर घेतल्याचे सांगितलेले धान्य दुसऱ्या बाजूला ठेवले की मधली तूट दिसते. २००४-०५ मध्ये देशभरात ती निम्म्याहून अधिक होती. पण त्यांनी तेवढ्यावर निकाल दिला नाही, तर राज्ये वेगळी करून पाहिली. छत्तीसगडमध्ये त्या वर्षी निम्म्याच्या आसपास असलेली गळती २००९-१० पर्यंत दहा टक्क्यांच्या आसपास आली होती. दुकाने खासगी परवानेधारकांकडून काढून ग्रामपंचायती, बचत गट आणि सहकारी संस्थांकडे दिली होती, धान्य थेट दुकानापर्यंत पोहोचवले जात होते आणि लाभार्थ्यांची व्याप्ती वाढवली होती. ‘रेशन ही चोरांची व्यवस्था आहे’ आणि ‘रेशनला हात लावू नका’ या दोन्ही घोषणांना या एका तुलनेने उत्तर मिळते.

बाजू घेणारा अभ्यासक पक्षपाती असतो, हा आक्षेप तुझ्या प्राध्यापकांनी घेतल्याचे तू लिहिले आहेस. आक्षेप टाकाऊ नाही. पण त्यावर उपाय बाजू लपवणे हा नव्हे. २०१७ मध्ये झारखंडमधील ३२ गावांत द्रेझ व सहकाऱ्यांनी पाहणी करून असे मांडले की, रेशन दुकानात आधारचा अंगठा सक्तीचा केल्याने मापातील चोरी घटली नाही, उलट लोकांचा त्रास वाढला. त्यांची बाजू आधीपासून जाहीर होती, म्हणून अनेकांनी ते दुर्लक्षिले. नंतर याच राज्यात वेगळ्या अर्थशास्त्रज्ञांनी मोठ्या प्रमाणावर यादृच्छिक प्रयोग (चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडलेल्या भागांची उरलेल्या भागांशी तुलना) केला आणि अंगठ्याच्या सक्तीने गळती कमी झाली नाही, लाभार्थ्यांचा त्रास मात्र वाढला, असाच निष्कर्ष त्यांच्याही हाती आला.

पुरावा हाती आला म्हणजे धोरण बदलते, असे मात्र समजू नकोस. द्रेझ स्वतः तसे मानत नाहीत. शाळेच्या जेवणात अंडे द्यावे, यासाठी ते कित्येक वर्षे लिहीत आहेत. वाढत्या वयातील मुलांसाठी अंडे चांगले, यावर आहारशास्त्रात वाद नाही. तरी महाराष्ट्राने २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात अंडे सुरू केले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबवला. या निर्णयात पोषणाचा तक्ता कुठेच नव्हता. कोणाच्या आवडीनिवडीला, कोणाच्या सोवळ्याला आणि कोणाच्या भुकेला किती वजन द्यायचे, हा राजकीय प्रश्न होता आणि त्याला उत्तरही राजकीयच द्यावे लागते, म्हणजे पालकांना, शिक्षकांना, आमदारांना भेटून. सत्तेच्या जवळ गेल्यानेही तो सुटतोच असे नाही. केंद्र सरकारला धोरणांबाबत सल्ला देणाऱ्या राष्ट्रीय सल्लागार परिषदेत असताना अन्न सुरक्षेच्या प्रस्तावांना कात्री लागते आहे असे दिसल्यावर २०१० मध्ये द्रेझ यांनी आपले असहमतीचे टिपण नोंदवले. समितीत बसूनही असहमती लिहून ठेवता येते, हे मला त्यांच्या मोठ्या ग्रंथांइतकेच महत्त्वाचे वाटते. समितीत गेलेले आपल्याकडचे कितीतरी विद्वान चहापानापुरते उरतात.

तू काय करावेस, ते आता सांगतो. पीएच.डी.चा अर्ज भर, पण प्रवेश होईपर्यंतचे महिने वाया घालवू नकोस. तुझ्या तालुक्यातील एक रास्त भाव दुकान निवड. अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, हा कायदेशीर हक्क आहे. त्या दुकानाच्या शिधापत्रिकांची यादी घे, तीतून चिठ्ठ्या टाकून ४० घरे काढ, जी ओळखीची आहेत ती नव्हेत, आणि प्रत्येक घरी गेल्या महिन्यात प्रत्यक्ष किती धान्य मिळाले ते विचार. मिळालेल्या धान्याला हक्काच्या धान्याने भागलेस की एक प्रमाण मिळेल. तेच प्रमाण द्रेझ आणि खेरा यांच्या पाहण्यांत वापरलेले आहे. दुकानदारालाही भेट, कारण त्याचे कमिशन, वाहतुकीतली तूट आणि बंद पडणारे यंत्र या त्याच्या तक्रारी पुष्कळदा खऱ्या असतात. यादीत नाव नसलेली घरे कोणती, हे मात्र यादीतून कळणार नाही. त्यासाठी वस्तीच्या शेवटच्या टोकापासून उलटे चालत ये.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरीच आहे. प्रश्नावलीचा कच्चा मसुदा घेऊन ये, घरोघर जाण्याआधी तिची शब्दयोजना आपण बसून तपासू. सोबत त्या गावातली एखादी बाई आली, तर फारच चांगले. कोणता प्रश्न चुलीपाशी विचारायचा आणि कोणता ओसरीवर, हे तिला आपल्या दोघांपेक्षा अधिक कळेल.

तुझा शुभचिंतक