ब्राझीलमध्ये ऑफिसची टीम चुरास्कारियात जेवायला नेणार आहे, मी बीफ खात नाही, तिथे काय करू? पैसे फुकट जातील का?

बिनधास्त जा. मी साओ पाउलोत राहतो आणि भारतातून कामाला आलेल्या मंडळींना घेऊन अशा हॉटेलांत बऱ्याचदा बसलोय, चिकन-मटण खाणारा माणूस तिथून उपाशी उठलेला अजून बघितला नाही. (शुहास्को म्हणजे आगीवर भाजलेलं मांस आणि ते मिळतं ते हॉटेल म्हणजे शुहास्कारिया, तुमची चुरास्कारिया. इथले लोक असाच उच्चार करतात, म्हणून पुढे तसंच लिहितो.)

टीम नेतेय म्हणजे बहुतेक होजीझियोवालं ठिकाण असणार. माणशी ठरलेले पैसे, मग पासादोर म्हणजे वाढणारे लोक हातात लांब सळई आणि सुरी घेऊन टेबलाटेबलावर फिरत राहतात, सळई ताटाजवळ टेकवून पातळ काप काढतात आणि तुम्ही तो छोट्या चिमट्याने धरून ताटात घ्यायचा. आपल्या पंगतीत वाढपी जिलबी घेऊन फिरतो तसंच समजा, फक्त पानावर आडवा हात धरायच्या ऐवजी टेबलावर एक चकती असते, हिरवी बाजू वर म्हणजे आणा, लाल म्हणजे थांबा. लाल असली तरी एखादा येतोच विचारायला, हसून 'नाउं, ओब्रिगादो' (नको, धन्यवाद) म्हणायचं, विषय संपला, कुणाला राग येत नाही. आपल्या लोकांना हे नाही म्हणणंच जमत नाही, पहिल्या पंधरा मिनिटांत सॉसेज, चीजचे पाव आणि तळलेली पोलेंटा (मक्याच्या पिठाची वडी) खाऊन पोट भरतं आणि मग चांगलं काही आलं की नुसतं बघत बसायचं.

तुमच्या कामाचं काय काय येतं तर चिकन (फ्रांगो), बऱ्याचदा बेकनमध्ये गुंडाळलेलं, मग कोंबडीची काळजं, छोटी छोटी, एका सळईला भरपूर लावलेली, ही मी तर सोडतच नाही. पोर्क चालत असेल तर लिंग्विसा म्हणजे सॉसेज आणि बरगड्या, आणि जरा बऱ्या ठिकाणी कोर्देइरो म्हणजे लॅम्ब, त्याची वाट बघा, ते तासाला एखादी चक्कर मारतं त्यामुळे पासादोरला आधीच सांगून ठेवायचं, तो खास घेऊन येतो. सळई आली की घेण्याआधी विचारायचं, रंगावरून ओळखायला जाऊ नका. आणि 'कार्ने (म्हणजे मांस) खात नाही' एवढंच सांगू नका, इथे नुसतं कार्ने म्हटलं की लोकांच्या डोक्यात बीफच येतं, म्हणून शाकाहारी माणसाने तसं सांगितलं की वेटर अगदी प्रेमाने हॅम आणून देतो. तुम्ही स्पष्ट 'नाउं कोमो कार्ने दे बोई' म्हणा. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो, भट्टी सगळ्यांची एकच असते, सुरीही बऱ्याचदा तीच फिरते. तुम्हाला तेवढंही चालत नसेल तर सरळ सॅलड बारवर जा, तिथे पाल्मितो (पामच्या झाडाचा कोवळा गाभा), चीज, भात, तळलेली केळी असं बरंच असतं, पण राजम्यासारख्या दिसणाऱ्या बीन्समध्ये डुकराचे तुकडे असू शकतात, ते विचारून घ्या.

मसाला शोधू नका. जाडं मीठ आणि आग, बस. अस्सल शुहास्को करणारा तर बीफला मॅरिनेड लावणं म्हणजे मांस खराब आहे असं समजतो, चिकन-पोर्कला लसूण-लिंबू चालतं. पहिल्यांदा आपल्याला फिकं लागतं हे खरं, त्यावर तिखट सॉस मागायचा, 'मोल्यो दे पिमेंता', आणि सोबत विनाग्रेते घ्यायचं, टोमॅटो कांदा सिमला मिरची बारीक चिरून व्हिनेगर-तेलात. भाजलेल्या पिठाचा ढीग दिसेल ती फारोफा. ज्या कंदाचा आपला साबुदाणा होतो त्याच कंदाचं पीठ बटरमध्ये परतलेलं, आणि ते चीजचे गोल पावही त्याच कंदाच्या स्टार्चचे (उपासाला चालतात का ते आजीला विचारा). फारोफामध्येही बेकन असतं बरेचदा. कोर्देइरो आतून लाल नको असेल तर 'बें पासादो' म्हणा, सळईवर बाहेरचा थर आधी शिजतो, पासादोर तो कापून वाढतो आणि सळई परत आगीवर जाते, त्यामुळे कडेचा काप मागितला की काम होतं.

आता सगळे पिकान्या पिकान्या का करतात ते टेबलावर कळेलच. तो गायी-बैलाच्या मागच्या भागावरचा चरबीचा थर असलेला तुकडा, सी आकारात वाकवून सळईत लावतात. 2022 च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत उमेदवार लुलांनी लोक परत पिकान्या खातील आणि बिअर पितील असं प्रचारात सांगितलं होतं, यावरून काय ते समजा. पण दक्षिणेतल्या हिओ ग्रांदे दो सुल राज्यातला म्हातारा माणूस पिकान्याला फार मोजत नाही, त्याच्या लेखी खरी कोस्तेला, म्हणजे बरगडी, जमिनीवरच्या आगीशेजारी तिरकी उभी करून पाच-सहा तास, कधी जास्तच. 17 व्या शतकात जेझुइट म्हणजे ख्रिस्ती मिशनरी पाद्र्यांनी आणलेली गुरं तिथल्या गवताळ पांपात मोकाट वाढली, तेव्हा किंमत होती ती कातडं आणि चरबीला, मांस भरपूर, मग गाउशो म्हणजे तिथले गुराखी जागेवरच आग करून मीठ लावून भाजायचे. 2003 साली त्या राज्याने कायदा करून शुहास्कोला राज्याचा पदार्थच ठरवून टाकलं.

होजीझियो मात्र गुराख्यांचा नाही, तो हायवेवरच्या ट्रकवाल्यांच्या हॉटेलांतून वाढला, गेल्या शतकाच्या उत्तरार्धात. नेमका कुणी सुरू केला यावर बरेच जण हक्क सांगतात. नोव्हा ब्रेसिया नावाच्या छोट्या गावातले लोक देशभर शुहास्कारिया काढण्यासाठी प्रसिद्ध आहेत, आणि त्याच गावात थापा मारायची स्पर्धाही भरते, त्यामुळे मी कुणावरच विश्वास ठेवत नाही.

कुपीं नावाची सळई आली तर तेवढं लक्षात ठेवा, ते वशिंड आहे, बीफच. ब्राझीलची बहुतेक मांसाची गुरं नेलोरे जातीची, हे नाव आंध्रातल्या नेल्लोरवरून, म्हणजे मूळची आपलीच वशिंडवाली. टेबलावर कुणी हे तुम्हाला कौतुकाने सांगायला लागलं तर अवघड होतं थोडं, पण त्यांचा हेतू चांगला असतो.

पैशांचं म्हणाल तर बीफ न खाता हिशोबाने वसूल होणार नाही, महागडे तुकडे तेच असतात. काही ठिकाणी फक्त सॅलड बारचा वेगळा कमी रेट असतो, विचारून बघा. शिवाय ड्रिंक्स आणि गोड वेगळं लागतं, बिल तिथेच फुगतं, वर 10% सर्व्हिस. गोड मागवण्यापेक्षा दालचिनी लावून भाजलेला अननस सळईवर येतो तो घ्या, तो बहुतेक ठिकाणी त्याच पैशांत असतो.

आणि रविवारी कुणी कलीगने घरी शुहास्कोला बोलावलं तर हॉटेलपेक्षा तिथे जाच. लाकडी पाटावर थोडं थोडं कापून येतं, हाताने उचलून उभ्या उभ्या खायचं, दुपारी सुरू झालेलं संध्याकाळपर्यंत चालतं. तुमच्यासाठी चिकन किंवा काठीवर भाजायचं केइजो कोआल्यो चीज तुम्हीच घेऊन गेलात तरी चालतं, आणि जाताना बर्फाची एक मोठी पिशवी न्या, बिअरसाठी तो नेहमी कमी पडतो.