वकीलकाकांचा सत्कार आणि कपाटातली दप्तरं

प्रश्न : ताई, मी अलिबाग तालुक्यातला. आमच्याकडचे एक वकीलकाका यंदा काम थांबवतायत, गुडघे गेले, कोर्टाचे जिने चढवत नाहीत. चाळीसेक वर्षं कुळांच्या, कातकरी वाडीच्या, मासळी बाजारातल्या ओट्यासाठी भांडणाऱ्या मावश्यांच्या केसेस लढले, निम्म्या तर फुकट. गावाने सत्कार ठरवलाय पण कमिटीत दोन गट पडलेत, मोठी मंडळी म्हणतात आमदारांच्या हस्ते शाल-श्रीफळ आणि नाक्यावर फ्लेक्स, आम्हा पोरांना वाटतं काहीतरी वेगळं हवं पण सुचत काहीच नाही. वर मानपत्र माझ्या गळ्यात पडलंय.

उत्तर : शाल-श्रीफळाला माझी काही हरकत नाही, नारळ आपल्याच झाडाचा असतो. आमदारांनाही बोलवा, पहिल्या रांगेत बसवा, चहा द्या. माईक मात्र अशिलांच्या हातात द्या.

मानपत्रात 'दीनदुबळ्यांचे कैवारी', 'झुंजार व्यक्तिमत्त्व' असलं काही लिहू नकोस, हे सोसायटीच्या चेअरमनलाही लिहितात. कुठल्या जमिनीची केस, किती तारखा पडल्या, कोण कोणाबरोबर एसटीने गेलं, ते लिही. आमच्या रत्नागिरीकडचं सांगते. आजीची कुळाची केस होती आणि पुरावा काय, तर खंडाच्या, म्हणजे कुळाने जमीनमालकाला दिलेल्या वाट्याच्या पावत्या, कणगीमागे पत्र्याच्या डब्यात, पावसाने एकमेकींना चिकटलेल्या. आमच्या वकिलांनी त्या अंगणात पसरल्या, वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकीवर खडा ठेवला आणि दुपारभर स्वतः उकिडवे बसून वर्षाप्रमाणे लावल्या. एका पावतीवर सुकटीचा डबा कलंडलेला, तिचा वास थेट तहसील कचेरीत पोचला म्हणे. फी म्हणून आजीने पायलीभर तांदूळ पुढे केला तर म्हणाले, उकडा असेल तर द्या. बरेच हेलपाटे झाल्यावर कूळकायद्याच्या कलम ३२-ग खाली जमिनीची किंमत ठरली, पैसे भरले आणि ३२-म चं, म्हणजे जमीन विकत घेतल्याचं सर्टिफिकेट हातात आलं. मला त्यांचं कोर्टातलं एकही वाक्य आठवत नाही, खडे आठवतात. असं काहीतरी शोध.

आणि तुझ्या तर तालुक्यातच केवढं पडलंय! चरीचा संप तिथलाच, १९३३ ते १९३९, शेतकऱ्यांचे पुढारी नारायण नागू पाटील यांच्या मागे उभं राहून कुळांनी सहा वर्षं खोतांच्या, म्हणजे गावच्या सारावसुली करणाऱ्या जमीनदारांच्या जमिनी कसल्या नाहीत, उपाशी राहिले पण नांगर घातला नाही. डॉ. आंबेडकरांनी १९३७ ला विधिमंडळात खोती बंद करायचं बिल मांडलं, खोती जायचा कायदा मात्र झाला १९४९ ला. आणि कायदा झाला म्हणून सातबाऱ्यावर नाव आपोआप चढतं थोडीच, त्यासाठी कोणीतरी कचेरीच्या बाकड्यावर बसावं लागतं. महाडचंच बघ. चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं, पण तळं खाजगी आहे असं म्हणत विरोधकांनी जो दावा लावला तो हायकोर्टात निकाली निघाला मार्च १९३७ मध्ये. मधली दहा वर्षं कोणाला आठवत नाहीत. तुमच्या काकांची चाळीस वर्षं तसलीच आहेत रे, बाकड्यावरची.

म्हणून माझ्या मते खरा सत्कार त्यांच्या कपाटाचा करा. त्यात लाल फितीत बांधलेली दप्तरं असणार, फेरफार, खंडाच्या पावत्या, वनहक्काच्या दाव्यांच्या नकला, भट्टीवरच्या वेठबिगारीतून सोडवून आणलेल्या माणसांची मुक्ती प्रमाणपत्रं, आणि आपल्या हवेत दोन पावसाळे कोणी हात लावला नाही तर वाळवी सगळं खाऊन टाकेल. आधी काकांना विचारा. पोटगीची, घरगुती भांडणांची दप्तरं तुम्ही उघडायचीच नाहीत, ती काकाच बघतील. बाकीच्यातले ओरिजनल कागद ज्याचे त्याला घरी नेऊन द्या, स्टेजवर वाटत बसू नका. गंजलेल्या टाचण्या काढा, मोबाइलवर सरळ उजेडात फोटो घ्या, नि सुती कापडात बांधा. प्लास्टिकच्या पिशवीत घातलंत तर आतल्या आत बुरशी येते, आणि लॅमिनेशनचं तर नावच काढू नका. फ्लेक्सचे पैसे वाचवले तर एक लोखंडी कपाट येईल, ते ग्रंथालयात ठेवा. फोटोंतलं काय लोकांना दाखवायचं ते मात्र ज्याचा कागद त्याला विचारून.

प्रश्न : ताई, वरच्याच वकीलसाहेबांकडे आमच्या वाडीची केस आहे. आम्ही कातकरी. साहेब थांबले तर केस बंद पडेल का? दुसऱ्या वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

उत्तर : नाही हो दादा, केस बंद नाही पडत. खरं तर वकिलाला रिटायरमेंटचं वयच नसतं, सनद असेतो ते उभे राहू शकतात, पण गुडघ्यांना कोण सांगणार! त्यांच्याकडून एनओसी घ्या, केसचे सगळे कागद मोजून ताब्यात घ्या आणि नव्या वकिलाच्या नावे वकीलपत्र द्या. पैशाचं म्हणाल तर १९८७ च्या विधी सेवा कायद्याने तुमच्यासारख्या अनुसूचित जमातीच्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. बायकांनाही तसंच. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते, तिथे अर्ज करायचा, जातीचा दाखला सोबत न्या. फोन करायचा असेल तर १५१००. नवा वकील मिळेपर्यंत तारीख चुकवू नका, वाडीतल्या ज्यांची नावं केसमध्ये आहेत त्यांच्यातलं कोणीतरी जाऊन उभं राहा, पुकारा झाला की हात वर करा आणि 'वकील बदलतोय, मुदत द्या' एवढं सांगा.