अमेरिकेत पदवीसाठी अर्ज: कॉलेजांची यादी कशी ठरवावी?
सॅटमध्ये, म्हणजे अमेरिकी कॉलेज प्रवेशासाठीच्या १६०० गुणांच्या परीक्षेत, १४५० आहेत, मग प्रवेश मिळेल का, असं तुम्ही विचारलंय. नुसत्या गुणांवरून ते ठरत नाही. प्रत्येक कॉलेजचा ‘कॉमन डेटा सेट’, म्हणजे प्रवेशाची वगैरे आकडेवारी देणारं कॉलेजचं पत्रक, शोधा. त्याच्या ‘सी’ विभागात प्रवेश घेतलेल्यांचे २५ व्या आणि ७५ व्या पर्सेंटाइलचे गुण असतात. तुमचे गुण या ७५ व्या पर्सेंटाइलच्या गुणांहून जास्त आणि निम्म्याहून जास्त अर्जदारांना तिथे प्रवेश मिळतो, तर ते बऱ्यापैकी खात्रीचं. हार्वर्ड, स्टॅनफर्डला मात्र शंभरात पाचांनाही मिळत नाही, तिथे १६०० असले तरी भरवसा नको. आधी खात्रीची दोन-तीन निवडा, आणि तीही मनापासून जावंसं वाटेल, फी झेपेल अशीच. आर्थिक मदत मागणार असाल तर जपून: बरीच कॉलेजं परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत निर्णय घेताना मदत मागितली आहे का, तेही बघतात.