शेततळ्याच्या कागदाआधी थकलेलं पीककर्ज

माढा तालुक्यातल्या एका शेतकरी वाचकाचं पत्र आलंय. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला, तेव्हा ओढ्यालाही फुगवटा येऊन त्यांच्या शेततळ्याचा एक बांध फुटला. कागद, म्हणजे पाणी मुरू नये म्हणून तळ्यात अंथरलेलं प्लास्टिक, फाटला, तळात गाळ बसला. तळं ३४ बाय ३४ मीटरचं, आणि त्यावर दोन एकर डाळिंब. दुरुस्तीचा अंदाज ३ लाख: गाळ काढणं नि भराव ९० हजार, ५०० मायक्रॉनचा नवा कागद जोडणीसह १ लाख ७० हजार, बाकी पाइप आणि कुंपण. ते विचारतात, "कागदवाला महिना दोन टक्क्यांनी हप्ते पाडून देतो म्हणतो. ते घेऊ, की मंडळींचं सोनं गहाण ठेवू?"

पण पत्राच्या शेवटी दोन ओळी आहेत आणि मला त्यांचीच जास्त काळजी वाटते. "बँकेचं पीककर्ज २ लाख ८० हजार. माफी होणार म्हणून मार्चपासून भरलेलं नाही. भरायचे ३ लाख पतसंस्थेत ठेवलेत, साडेनऊ टक्के मिळतात."

दादा, पैसे हातात असताना तुम्ही स्वतःहून थकबाकीदार झालात. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं, तर केंद्राची सवलत आणि राज्याची पंजाबराव देशमुख योजना धरून व्याज जवळपास पडतच नाही. थकलं की ही सवलत गेली. आज तुमच्या कर्जावर वर्षाला ३० हजारांच्या आसपास व्याज चढतंय. त्याहून मोठं नुकसान पुराच्या दिवशीच झालं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार आपत्तीनंतर पीककर्जाचं पुनर्गठन होतं, म्हणजे हप्ते पाडून पुढे मुदत मिळते. पण ते आपत्ती आली तेव्हा थकीत नसलेल्या कर्जाचंच होतं. तुमच्या गावात मार्चमध्ये नवं-जुनं केलेल्यांना, म्हणजे जुनं कर्ज भरून नवं उचललेल्यांना, ती वाट आहे, तुम्हाला नाही. वसुलीला स्थगिती असली तरी व्याज थांबत नाही.

आता माफीचं. ३० जून २०२६ पर्यंत निर्णय घेऊ, असं सरकारनं २०२५ मध्ये सांगितलं. पण मागचे अनुभव बघा. २०१७ च्या योजनेत मर्यादा दीड लाखाची होती, आणि त्यावरची रक्कम आधी स्वतः भरावी लागली. २०१९ च्या योजनेत व्याजासह थकबाकी २ लाखांच्या वर गेलेले बाहेर राहिले. नियमित फेडणाऱ्यांना मात्र त्याच योजनेतून ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन मिळालं. व्याजासह तुमचा आकडा ३ लाख २० हजारांच्या घरात जातो. म्हणजे २०१९ सारखीच अट आली, तर सगळं करून तुमच्या हाती काहीच नाही.

आणि वाट बघायची किंमत काय? थकबाकीमुळे बँकेचं नवं कर्ज बंद, म्हणून खताच्या दुकानात दीड लाखाची उधारी, तीही महिना दोन टक्क्यांनी: वर्षाला ३६ हजार. कागदवाल्याचे हप्ते घेतलेत तर ३ लाखांवर पहिल्या वर्षी ६० हजार. थकलेल्या कर्जाचे ३०. एकूण सव्वा लाख. पतसंस्थेचं २८ हजार व्याज वजा केलं तरी वर्षाला लाखभर रुपये जातात. दोन वर्षांत तुम्ही जवळपास २ लाख व्याजापोटीच मोजलेले असतील. शिवाय बँकेतल्या ठेवीला असणारं ५ लाखांचं विमा संरक्षण पतसंस्थेतल्या ठेवीला नसतं, हे कुणी तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही.

तेव्हा ठेव मोडा. मुदतीआधी मोडल्यानं थोडं व्याज कापतील, कापू द्या. पाच-दहा हजार कमी पडले तर घरातून घाला, पण कर्ज पूर्ण भरा आणि नवं किसान क्रेडिट कार्ड मागा. त्या कार्डाच्या मर्यादेत शेतीच्या साधनांच्या देखभाल-दुरुस्तीसाठी २० टक्क्यांची तरतूद असते. पीक आणि क्षेत्र बघून बसणाऱ्या रकमेवर तुम्हाला ४०–५० हजार निघावेत. बँकेत हे नाव घेऊन मागा.

तळ्याची घाई यंदा नाही. पूर आलेल्या वर्षी विहिरीला पाणी टिकतं, तुमची विहीर चांगली आहे असं तुम्हीच लिहिलंय. खरी गरज २०२७ च्या उन्हाळ्याची. आत्ता फक्त गाळ आणि भराव करा, थर-थर टाकून रोलरनं दाबून घ्या. ताजा भराव बसतो आणि कागद तिथेच ताणून फाटतो, म्हणून कागद मे महिन्यात. त्याआधी एक गोष्ट नक्की तपासा: ओढ्याचं पाणी बांधावरून आलं, की बांध खालून खचला? वरून आलं असेल तर बांध तेवढ्याच उंचीचा ठेवून नवा कागद टाकणं म्हणजे १ लाख ७० हजार पुन्हा ओढ्यात. कृषी विभागाच्या किंवा जलसंधारणाच्या माणसाला दाखवा.

विहिरीला ३० हजार जाहीर झाले तसे शेततळ्यालाही मिळतील, अशी आशा तुम्ही लिहिलीय. पंचनाम्याची नक्कल जपून ठेवा, पण हिशेबात ती रक्कम शून्य धरा.

भरावाचे ९० हजार कुठून? निम्मे कार्डातून. निम्मे त्या पॉलिसीतून, जी तुम्ही जाता जाता सांगितलीत. कर्ज नूतनीकरणाच्या टेबलावर "साहेबांनी घ्यायला लावली", वर्षाला ५० हजार, १५ वर्षं, विमा ५ लाखांचा. पीककर्जासाठी अशी पॉलिसी घेणं बंधनकारक नाही आणि ती तुमच्या गळ्यात मारली, याचा मला राग येतो. पुढचा जानेवारीचा हप्ता भरू नका, ते पैसे भरावाला लावा. दोन हप्त्यांचे १ लाख गेलेत, सरेंडर केलं, म्हणजे मुदतीआधी पॉलिसी बंद केली, तर त्यातले ३०–३५ हजार हाती येतील, आकडा लेखी घ्या. त्याआधी ५० लाखांचा साधा टर्म विमा, म्हणजे फक्त मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा विमा, काढा. ३९ व्या वर्षी वर्षाला १० हजारांच्या आसपास पडेल, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही.

कागद, पाइप आणि कुंपण मिळून २ लाख १० हजारांसाठी मे महिन्यात बँकेकडे मध्यम मुदतीचं कर्ज मागा, हप्ता डाळिंबाच्या बहाराला जोडून, वर्षातून एकदा. ११ टक्क्यांनी तीन वर्षं धरली तर वर्षाला ८६ हजारांच्या आसपास येतात. मागच्या थकबाकीमुळे बँकेनं नाही म्हटलं, तरच सोनं. तेही बँकेतच, तेवढ्याच रकमेपुरतं, आणि वहिनींशी बसून बोलल्यावर.